शांतता आणि शांती

(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीट करून)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नावनोंदणीचा फॉर्म अडकला असेल. तुकडीत मी कॉम्प्युटरवाली, त्यामुळे मला फोन बहुधा त्यासाठीच येतो. पण या वेळी म्हणाले, "नाताळच्या आठवड्यात भेटतोय, केक तर तू आणशीलच. सोबत दहा मिनिटं ख्रिस्ती शांतीवर बोल." केक आणलाय, मागच्या टेबलावर आहे. शांतीचं काम जरा अवघड आहे. मी पास्टर नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. रविवारी उपासनेला मागच्या बाकावर बसणारी आणि मोबाईल सायलेंटवर आहे ना हे दोनदा बघणारी बाई आहे. तेव्हा उपदेशाची अपेक्षा ठेवू नका. मला जे दिसलं आणि मी जे वाचलं, तेवढंच सांगते.

आपल्या मराठीत एक सोय आहे. शांतता वेगळी आणि शांती वेगळी. शाळेत आपण दिवसातून पन्नास वेळा ऐकायचो तो शब्द शांतता. सर व्हरांड्यातून जाता जाता दारावर छडी आपटायचे, "शांतता!" आणि मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा. शांती हा शब्द घरचा. तुमच्या घरी वास्तुशांत, उदकशांत. आमच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेत. दोन्ही शब्द एकाच धातूतून आलेले, पण एक फळ्यावर नावं लिहून मिळवता येतो आणि दुसरा तसा मिळत नाही.

आठवीतली कंपासपेटीची गोष्ट आठवते का? कुणाची तरी नवी कोरी कंपास हरवली आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की बोर्डिंगातल्या मुलानेच घेतली. मारामारी झाली. पीटीच्या सरांनी दोघांना मैदानात उभं केलं, "शेकहँड करा, विषय संपला." त्यांनी केला. विषय अजिबात संपला नाही. आठवडाभर त्या मुलाशेजारी कुणी डबा खाल्ला नाही. मग गणिताच्या बाईंनी तास बंद करून एकेकाला विचारलं, कंपास शेवटची कधी पाहिली, कुठे पाहिली. अर्धा तास गेला. पेटी चित्रकलेच्या खोलीतल्या कपाटामागे सापडली. बाई त्या मुलाला म्हणाल्या, "तुझी माफी आम्ही सगळ्यांनी मागायला हवी," आणि पहिली त्यांनी स्वतः मागितली. बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. तुम्हाला हे आठवत असेल की नाही कोण जाणे, मला त्या दिवशीचं गणित आठवत नाही, हे मात्र लख्ख आठवतं.

आता थोडं शब्दांबद्दल. माझी आजी कुणी भेटलं की ‘सलाम’ म्हणायची. कॉलनीतली सगळी म्हातारी माणसं म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, हा शब्द मुसलमानांचा, आपल्याकडे कसा आला? पुढे कळलं की अरबीतला सलाम आणि बायबलच्या जुन्या कराराची जी भाषा, त्या हिब्रूतला शालोम, ही सख्खी भावंडं. दोन्हींच्या मुळाशी अर्थ आहे पूर्ण असणं, अखंड असणं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की आजच्या हिब्रूत त्याच धातूपासून पैसे देण्याचं क्रियापद बनतं. दुकानात बिल चुकतं करायचं तर तोच धातू. म्हणजे ज्या भाषेतून शांती हा शब्द आमच्याकडे आला, त्या भाषेत तो देणं फेडण्याच्या शेजारी राहतो. मी वाण्याच्या उधारीच्या वहीवर वाढलेली मुलगी. हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा पटकन समजलं.

बायबलमध्ये स्तोत्रांचं एक पुस्तक आहे. त्यातल्या ८५व्या स्तोत्रात कवीने चार शब्द असे आणलेत, जणू ती चार माणसं आहेत आणि कुठल्या तरी चौकात एकमेकांना भेटतायत. दया, सत्य, न्याय आणि शांती. जॉन पॉल लेडराक नावाचे एक अमेरिकन मेनोनाइट मध्यस्थ आहेत. मेनोनाइट म्हणजे युद्धात भाग न घेणारा एक जुना ख्रिस्ती पंथ. १९८०च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात सँडिनिस्टा सरकार आणि पूर्व किनाऱ्यावरचे मिस्किटो आदिवासी यांच्यात लढाई चालू होती. तिथल्या चर्चच्या पुढाऱ्यांसोबत लेडराक समेटाच्या कामात होते. गावोगाव सभा व्हायच्या, आणि सभा सुरू होताना हे स्तोत्र वाचलं जायचं. समोर बसलेल्यांपैकी कुणाचा मुलगा मारला गेलेला, कुणाचं गाव जाळलेलं. पुढे लेडराक यांनी आपल्या शिबिरांत लोकांना त्या चार शब्दांच्या जागी उभं करायला सुरुवात केली. तू सत्य, तू दया, तू न्याय, तू शांती. आता सांगा, या भांडणात तुम्हाला काय हवंय, आणि उरलेल्या तिघांपैकी तुम्हाला भीती कुणाची वाटते?

मला हा प्रश्न फार आवडला, कारण या चौघांचं आपसात जमत नाही. प्रत्येक घरात दिसतं ते. दया म्हणते जाऊ दे. सत्य म्हणतं जाऊ कसं देऊ? न्याय म्हणतो आधी हिशोब. आणि शांती बिचारी दारात उभी, हे तिघं कधी गप्प होतात याची वाट बघत. बहुतेक वेळा आपण तिघांना बाहेर काढतो, दार लावून घेतो आणि आतल्या शांततेलाच शांती म्हणतो.

या चौघांना एका घरात नांदवायचा प्रयत्न करणारं माणूस आपल्या जवळच होऊन गेलं. केडगावच्या पंडिता रमाबाई. नगरजवळचं केडगाव नव्हे हं, दौंड तालुक्यातलं. नगरहून दौंडची गाडी, आणि दौंडहून पुण्याच्या दिशेला काही स्टेशनं. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांच्याबद्दल एखादा परिच्छेद होता, स्त्रीशिक्षण वगैरे. माझ्या मते तो परिच्छेद फारच गुळगुळीत होता.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्यांना संस्कृत शिकवलं, हाच त्या काळी गुन्हा. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाच्या वर्षांत आई, वडील आणि बहीण गेली. भाऊबहीण पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, आंतरजातीय लग्न केलं, दोन वर्षांच्या आत नवराही गेला. हातात लहान मनोरमा. वय २४ पुरं नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली की बायकांसाठी शिक्षिका हव्यात आणि बायका डॉक्टर हव्यात. १८८३ला इंग्लंडला गेल्या, तिथे बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं.

इथपर्यंत पाठ्यपुस्तक. आता दयेचं बघा. १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी, टाकून दिलेल्या मुली आणि बालविधवा घेऊन आल्या. शेकड्यांनी. १९००च्या सुमारास केडगावच्या मुक्ती सदनात जवळजवळ दोन हजार जणी होत्या. मी दोनशे लोकांच्या ऑफिसचं जेवण नीट होताना पाहिलेलं नाही, म्हणून हा आकडा मला थक्क करतो. पण त्यांनी त्या मुलींना नुसतं पोसलं नाही. विणकाम, शेती, तेलाचा घाणा, अंध मुलींसाठी शिक्षण, आणि एक छापखाना. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्याचे खिळे जुळवणाऱ्या त्याच बायका, ज्यांना आणलं तेव्हा अक्षर येत नव्हतं. ते भाषांतर १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या त्याच्या थोडं आधी पुरं झालं. शालोमसाठी कुठला मराठी शब्द ठेवायचा, याचा विचार केडगावच्या त्या खोलीत किती वेळ चालला असेल, असं माझ्या मनात येतं.

सत्याच्या बाबतीत रमाबाई कुणाच्याच सोयीच्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये ज्यांनी त्यांना आसरा दिला, बाप्तिस्मा दिला, त्या सिस्टरांशीच त्यांनी धर्मावर वाद घातले. मला पटेल तेच मानीन, एका पुरोहिताच्या हाताखालून सुटून दुसऱ्याच्या हाताखाली जायला मी आले नाही, असाच त्या पत्रांचा सूर आहे. ती पत्रं पुस्तकरूपाने छापलेली आहेत, जरूर वाचा. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर बिशपांनी हरकत घेतली तर तिलाही त्या भिडल्या. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांना कशी वागणूक मिळते, यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिलं. गव्हर्नरांनी आरोप फेटाळले. विचार करा, ख्रिस्ती झालेली बाई, ख्रिस्ती सरकार, आणि तिच्या संस्थेला पैसा परदेशातून येणारा. गप्प राहायला याहून चांगलं कारण कुठलं हवं होतं?

आता जे सांगते ते आमच्यातल्या काहींना आवडत नाही. शारदा सदनाची सुरुवात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू या शब्दावर झाली होती. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि काही मुली तिथे जाऊन बसायला लागल्या. पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने टीका केली, पालकांनी मुली काढून नेल्या. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. ज्या बापाने विधवा मुलगी तिथे ठेवली, त्याची भीती मला खोटी वाटत नाही. दार उघडं ठेवण्याचा रमाबाईंचा हक्कही मला खोटा वाटत नाही. आणि त्याच सदनात सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनींत असलेल्या गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न करून बाया कर्वे झाल्या. त्या हिंदूच राहिल्या. पुढे कर्व्यांनी काढलेल्या आश्रमाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. या हकिकतीतलं एखादं पान फाडलं की ती कुठल्या तरी बाजूच्या फार सोयीची होते.

आता माझ्या कामाकडे येते. काही वर्षांपूर्वी मी पुण्यात एका कंपनीत होते. तिथे साफसफाईचं काम ठेकेदाराकडे होतं. संध्याकाळच्या पाळीच्या मावश्या चारला यायच्या आणि साडेबाराच्या गाडीने घरी जायच्या. हजेरी बोटाच्या मशीनवर. एक मावशी एकदा माझ्या टेबलाजवळ झाडता झाडता थांबली. म्हणाली, "म्याडम, तुम्ही मशीनचं बघता ना? मशीन माझा अर्धा दिवस खातंय." मी मशीनचं बघत नव्हते, ते दुसऱ्याच कुणाचं होतं. पण तिने पिशवीतून वही काढली. मुलाच्या जुन्या वहीची उरलेली पानं. त्यात तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, रोजच्या रोज. सात महिने.

आमच्या टीमकडे अहवालासाठी कच्चा लॉग यायचा. मी वही आणि लॉग शेजारी ठेवले. ज्यांना या धंद्यातलं कळतं त्यांच्या लक्षात आलंच असेल. रात्री बारानंतर तारीख बदलते. बाराच्या आत बोट लावलं तर ठीक, बारा वाजून पाच मिनिटांनी लावलं तर मशीनच्या लेखी आजचा माणूस आला पण गेलाच नाही, म्हणून अर्धा दिवस. महिन्यातून कधी चार, कधी सहा वेळा. अकरा बायका. सुपरवायझर त्यांना सांगायचा, मशीन खोटं बोलत नाही.

मी हे वर कळवलं तेव्हा मला जे वाक्य ऐकायला मिळालं ते असं: "कराराचं नूतनीकरण तोंडावर आहे, उगाच वातावरण बिघडवू नको, सगळं शांततेत चाललंय." बोलणारा माणूस वाईट नव्हता. तोच दर दिवाळीला मावश्यांच्या साड्यांसाठी वर्गणी काढायचा आणि स्वतः सगळ्यात जास्त घालायचा. मी त्याला एवढंच म्हटलं की साडीचे पैसे त्यांच्याच पगारातून गेलेत, हिशोब समोर आहे. मग सगळं मेलवर टाकलं, तारखा आणि आकडे, एकही विशेषण न घालता. ही युक्ती तरुण इंजिनिअरांनी लक्षात ठेवावी. विशेषणावर लोक भांडतात, तारखेवर भांडता येत नाही.

पुढचं सांगते, कारण अशा गोष्टी सांगताना शेवट गोड करायची आपल्याला सवय असते. नियम दुरुस्त झाला. मागचे पैसे मिळायला पाच महिने लागले, आणि ते पटावर असलेल्यांनाच मिळाले. ज्या दोघी मधेच सोडून गेल्या होत्या त्यांना काही मिळालं नाही. करार बदलला तेव्हा नव्या ठेकेदाराने वहीवाल्या मावशीला घेतलं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. मी तिला दुसरीकडे काम बघून दिलं, पण ती माझी दया झाली, तिचा न्याय तो नव्हता. आणि एक राहिलंच. सुपरवायझरला काढून टाका असं काही जण म्हणायला लागले, तेव्हा तीच मावशी म्हणाली, "त्या पोराचं नका करू काही, त्याचं लग्न ठरलंय. त्याला कागदावर दिसलं ते त्याने वाचलं." सात महिने हिशोब लिहिणारी बाई. तिला चौघांपैकी कुणाच्या जागी उभं करायचं, मला सांगता येणार नाही.

हे लहान प्रकरण. मोठं ब्रिटनमध्ये झालं. तिथल्या टपाल खात्याच्या होरायझन नावाच्या संगणक प्रणालीत चुका होत्या आणि ती शाखांच्या हिशोबात नसलेली तूट दाखवायची. १९९९ ते २०१५ या काळात शाखा चालवणाऱ्या लोकांवर चोरीचे, अफरातफरीचे खटले झाले. ९००हून जास्त जणांना शिक्षा ठरली. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. तिथल्या कायद्याचं गृहीतकच असं होतं की संगणक बरोबर चालतो, चुकीचा आहे हे तुम्ही दाखवा. अॅलन बेट्स आणि त्यांचे साथीदार वर्षानुवर्षं लढले. २०१९ला उच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि २०२४ला संसदेने कायदा करून शिक्षा रद्द केल्या. या काळात काही वर्षं संस्थेच्या प्रमुख असलेल्या बाई अभिषिक्त धर्मगुरूही होत्या. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मला ख्रिस्ती शांतीवर बोलायला उभं केलंय. गळ्यातल्या क्रुसाने लॉग वाचला जात नाही.

आता आपल्या घरचं. ग्रुपवर दोन वर्षांपूर्वी काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. नावं घेत नाही. एका मित्राने एक मेसेज पुढे पाठवला, की आपल्या जिल्ह्यातले ख्रिस्ती म्हणजे भाकरीसाठी बाटलेले लोक. दोन तासांत शंभरावर मेसेज पडले. माझ्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्याला जे शब्द वापरले तेही मला परत वाचवले नाहीत. तो ग्रुपमधून गेला. मी लिहायला घेतलं तोवर ॲडमिनने कुलूप लावलं होतं. नंतर नियम आला, धर्म नाही, राजकारण नाही. तेव्हापासून गुड मॉर्निंग आहे, वाढदिवस आहेत, श्रद्धांजल्या आहेत. शांतता आहे. ॲडमिनला मी दोष देत नाही, आग विझवायची तर आधी पाणीच ओततात. पण माझं उत्तर राहून गेलं, ते आज देते. त्याला आधी फोनवर सांगितलंय, त्यामुळे पाठीमागे बोलतेय असं नाही.

माझी पणजी १८९९-१९००च्या दुष्काळात पाथर्डीकडच्या एका गावातून नगरच्या मिशनच्या अनाथालयात आली. सहा वर्षांची असावी. तिला आईचं नाव सांगता येत नव्हतं. घरच्या गायीचं नाव सांगता येत होतं, ते तिला म्हातारपणापर्यंत आठवत होतं असं आजी सांगायची. तर मित्रा, तुझा मेसेज तिच्यापुरता खरा आहे. ती भाकरीसाठीच गेली. सहा वर्षांची उपाशी पोर आणखी कशासाठी जाणार? तिला तिथे भाकर मिळाली, पाटी मिळाली, आणि ती जगली म्हणून मी आज इथे उभी आहे. तिचं नाव बदललं, देव बदलला, आणि तिला त्याबद्दल कुणी विचारलं नाही, हेही खरं आहे. ते मी लपवत नाही. पण ‘बाटलेली’ हा शब्द तिच्यासाठी वापरू नकोस. ज्या गावाने तिला पोसायला हवं होतं, त्या गावाचंही तिच्याकडे काही देणं होतं. आणि माझा विश्वास हा पणजीच्या भाकरीचा राहिलेला हप्ता नाही, तो माझा आहे.

ज्यांना त्याचा अजून राग आहे त्यांनी हेही ऐका. २०२१च्या एप्रिलमध्ये माझ्या वडिलांना ऑक्सिजन मिळत नव्हता. मी पुण्यात अडकलेली. नगरमध्ये रात्री दोन वाजता सिलिंडर घेऊन जो आमच्या दारात उभा राहिला तो हाच मित्र. त्याने तेव्हा धर्म विचारला नाही, पैसेही घेतले नाहीत. पप्पा त्यानंतर बारा दिवस जगले. म्हणजे त्याच माणसाच्या हातात तो सिलिंडर होता आणि त्याच हातातून तो मेसेज गेला. यातलं एक धरून दुसरं सोडून द्यायला मला जमत नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही पाऊण तास बोललो. मधे एकदा आवाज चढले. तो म्हणाला की मेसेज त्याने लिहिला नव्हता. मी म्हटलं, पाठवला तर होतास. तो म्हणाला, ग्रुपवर त्याला जे म्हटलं गेलं त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. हे त्याचं बरोबर आहे, आणि ज्यांनी म्हटलं ते आज इथे आहेत. त्याचा नंबर बदललेला नाही. आज तो आलेला नाही. पुतण्याचं लग्न आहे म्हणाला. असेलही.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी केडगावला जाणार आहे. तो छापखाना जिथे होता ती जागा मला बघायची आहे. माझ्या गाडीत माझ्याखेरीज चार जागा आहेत. एक त्याच्यासाठी ठेवली आहे, तो "बघतो" म्हणालाय. एक बाईंनी आत्ता खुणेने मागितली. उरल्या दोन. निघणं सकाळी सातला, स्टेशन रोडवरून. डबा घरचा आणायचा, वाटेत चहा माझ्याकडून. यायचं असेल त्यांनी जेवणाआधी मला नाव सांगा. केक कापायला बाईंनी पुढे यावं.